जीआय पाइपचा टेबल लॅम्प: आधी अर्थिंग, मग रंगरूप

तुमच्या अडचणी तीन आहेत. अर्ध्या इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा टेबल लॅम्प जोडला, पण त्याला हात लावला की बोटांना झुमझुम होते. परदेशी व्हिडिओत बघून ठरवलेला होल्डर इथल्या बुशमध्ये (मोठ्या आट्यांवरून लहान आट्यांवर आणणाऱ्या जोडात) बसत नाही. आणि पुढे काढलेल्या आडव्या पाइपच्या हातामुळे दिवा टेबलावर कलंडतो. यातली पहिली मिटेपर्यंत बाकीच्या दोन्हींकडे बघूही नका. आत्ता प्लग काढून ठेवा आणि घरात लहान मूल असेल तर दिवा माळ्यावर टाका.

तुम्ही दोन कोरची वायर आणि दोन पिनांचा टॉप (प्लग) वापरलाय. गडबड तिथेच आहे. झुमझुमीची कारणं दोन असू शकतात आणि बोटाला दोन्ही सुरुवातीला सारखीच लागतात. एक म्हणजे, पाइपच्या आतून मीटरभर वायर जाते तेव्हा वायर आणि पाइप मिळून एक छोटासा कपॅसिटर होतो. त्यातून काही मायक्रोअँपिअर पाइपवर येतात. टेस्टर लावला तर मिणमिणतो, बोट हलकेच फिरवलं तर पाइप खरखरीत भासतो. दुसरं म्हणजे, पाइपच्या कापलेल्या कडेने वायरचं इन्सुलेशन सोललंय आणि तांबं लोखंडाला टेकलंय किंवा टेकायच्या बेतात आहे. पहिल्यात माणूस नुसता हात मागे घेतो. दुसऱ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभा असेल तर जिवावर बेततं. टेस्टर या दोन्हींत फरक सांगत नाही, आणि बोटाने ठरवायची तर ही गोष्टच नव्हे.

दोन्हींवर उपाय एकच: पाइपला अर्थ करा. पाण्याचं फिटिंग म्हणून विकत आणलेला पाइप दिवा झाल्यावर विजेच्या उपकरणाचं धातूचं अंग होतो, आणि अशा अंगाला अर्थिंग लागतंच. इस्त्रीला असतं तसं. मग मायक्रोअँपिअर मुकाट्याने जमिनीत जातात. उद्या खरंच फेज पाइपला टेकली तर मोठा प्रवाह वाहून एमसीबी (जास्त प्रवाहावर पडणारा बोर्डातला स्विच) पडतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखणारा स्विच) असेल तर तो थोड्या गळतीवरही पडतो. अर्थ नसेल तर कुणी हात लावेपर्यंत यातलं काहीच होत नाही. पाइप २३० व्होल्ट घेऊन शांतपणे कुणाच्या तरी हाताची वाट बघत बसतो. एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित, हा समज इथे कामाचा नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नव्हे.

तेव्हा नवी वायर आणा: तीन कोरची, ०.७५ चौरस मिमी, गोल, लवचिक, वर आयएसआय खूण असलेली. दुकानदार तिला चोवीस पॉइंट दोन म्हणेल, कारण एका कोरमध्ये ०.२ मिमीच्या २४ तारा असतात. ४ वॅटच्या एलईडीला एवढी जाडी कशाला, असं वाटेल. दिव्याला नकोच आहे. पण दोष झाला तर एमसीबी पडेपर्यंतचा प्रवाह याच वायरने झेलायचा असतो. कापडी वेणीची, पिळदार, जुन्या वळणाची वायर हवी असेल तर जरूर घ्या, फक्त तिच्यात तीन कोर आहेत ना ते कापून बघा. बाजारात दिसणारी बहुतेक दोन कोरचीच असते.

टॉपही तीन पिनांचा. वरची जाड पिन लांब असते, ती आधी आत शिरते आणि शेवटी निघते. म्हणजे फेज लागण्याआधी अर्थ लागलेला असतो. समोरून बघताना, अर्थचं भोक वर ठेवून, उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल अशी रीत आहे. रीत आहे म्हणून तुमच्या घरातल्या बोर्डात तसंच असेल याची खात्री नाही, एकदा टेस्टरने बघून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थच्या भोकात मागून काहीच जोडलेलं नसतं, हेही पुष्कळदा दिसतं. तसं असेल तर आधी बोर्ड दुरुस्त करून घ्या.

आता होल्डर. ज्या व्हिडिओवरून तुम्ही निघालात तो अमेरिकेतला असणार, कारण होल्डरच्या नळीला तिथे ‘एक अष्टमांश आयपी’ म्हणतात. आयपी म्हणजे आयर्न पाइप. गॅसचे दिवे पाइपांवर बसायचे तेव्हाचे हे आटे. वीज आली तरी दिव्यांनी ते सोडले नाहीत. आपल्याकडेही मुंबईत १८६५ च्या सुमाराला गॅसचे दिवे लागले होते, पण आपली विजेची फिटिंगं मात्र मेट्रिक मापावर आली. इथे मिळणाऱ्या होल्डरच्या बुडाला साधारणपणे १० मिमीचे, १ मिमी पिचचे (दोन आट्यांत १ मिमी अंतर असलेले) आटे असतात. अमेरिकन नळीही बाहेरून १० मिमीच्या आसपासच भरते, पण तिला इंचाला २७ आटे. आपल्या नळीला हिशेबाने इंचाला २५ च्या वर थोडे. त्यामुळे एकात दुसरी दीड-दोन फेरे छान जाते आणि मग अडते. जोर लावला की पितळेचे आटे मरतात. प्लंबिंगचा अष्टमांश इंची बुश मिळाला तरी त्याचे आटे तिसऱ्याच जातीचे. तेव्हा बुशच्या शोधात दुकानं पालथी घालू नका.

मी काय करतो सांगतो. अर्ध्या इंची एंड कॅप (पाइपच्या तोंडावर बसणारी टोपी) घ्यायची, तिच्या मधोमध पंचने खूण करून आधी ४ मिमी आणि मग १०.५ मिमी भोक पाडायचं. त्यातून १० मिमीची पोकळ आटेवाली नळी घालायची. झुंबरवाल्यांकडे आणि लॅम्पच्या सुट्या भागांच्या दुकानात ती मिळते, पुण्यात तपकीर गल्लीत विचारा, मुंबईत लोहार चाळीत. कॅपच्या आतून एक पातळ नट, बाहेरून वॉशर आणि नट, आणि त्यावर होल्डर. कॅप पाइपवर फिरवली की झालं. कॅपच्या आत जागा थोडी असते, म्हणून षटकोनी जाड नट अडकतो. गोल पातळ रिंग नट मागून घ्या. ज्यांच्याकडे टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आहे त्यांनी नट वगैरे न वापरता जाड बुडाच्या पाइप प्लगमध्ये (आटेवाल्या बुचात) ९ मिमी भोक पाडून १० बाय १ चा टॅप मारावा. ते काम जास्त देखणं होतं.

पिनवाला बी२२ घ्यावा की आट्यांचा ई२७, हे लोक चवीचा प्रश्न समजतात. ई२७ मध्ये बल्बचा धातूचा आटा हाच एक संपर्क असतो. फेज तिथे आली आणि कुणी होल्डर चालू ठेवून बल्ब फिरवू लागलं तर बोट थेट फेजवर. म्हणून ई२७ मध्ये फेज नेहमी तळाच्या मधल्या जिभेला आणि न्यूट्रल आट्याला जोडायचा. दोन पिनांचा टॉप उलटासुलटा कसाही बसतो, तिथे हा नियम पाळताच येत नाही. तीन पिनांच्या बाजूने आणखी एक कारण. बी२२ मध्ये ही भानगड नाही आणि बल्ब कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो. पण शोभेचे मोठे फिलामेंट बल्ब मुख्यतः ई२७ मध्येच येतात, त्यामुळे बहुतेकांचा हात तिकडेच वळतो. वळू दे, जिभेचं तेवढं लक्षात ठेवा. होल्डर बाहेरून पितळेचा असेल तर त्याला अर्थचा स्क्रू असतो. तो रिकामा सोडायचा नाही.

पाइप घेताना अर्धा इंच म्हणजे काय ते माहीत असू द्या. बाहेरून तो २१.३ मिमी असतो, आतून साधारण १६. ए, बी आणि सी अशा तीन जाड्या येतात. पिवळा पट्टा हलक्याचा, निळा मध्यमाचा, लाल जाडाचा. दिव्याला निळा घ्या. पिवळ्याची भिंत २ मिमीची, तीत आटे पाडले की खाली फारसं लोखंड उरत नाही आणि पान्याने आवळताना पाइप दबतो. लाल जाड आहे, पण त्याचा उपयोग दिव्याला नाही. अखंड पाइप घेऊन कापत बसण्यापेक्षा तयार निपल (दोन्हीकडे आटे पाडलेला तुकडा) घ्या, दोन इंचांपासून सहा-आठ इंचांपर्यंत मिळतात. लांब तुकडा लागला तर मापाने कापून दोन्हीकडे आटे पाडून द्यायला फिटिंगचं दुकान किंवा ओळखीचा प्लंबर असतोच.

कापल्यावर तोंडाच्या आतल्या बाजूला बोट फिरवू नका, कापेल. तीच ती कड, जी वायर सोलते. कटरने कापलेल्या पाइपला तर आत वळलेली अख्खी धार येते, कारण कटर कापतो कमी आणि दाबतो जास्त. गोल कानस घेऊन ती धार पूर्ण मोडायची, मग आत पॉलिश पेपरची सुरळी फिरवायची. जुनी नायलॉनची ओढणी किंवा पातळ मोजा काठीला गुंडाळून आतून फिरवा. एक धागा जरी अडकला तरी कानस पुन्हा हातात घ्या. तयार निपललाही हेच करायचं, कारखान्यातून ते साफ होऊन येतात असं धरू नका. एल्बो (काटकोनी जोड) आणि टी (तीन तोंडांचा जोड) यांच्या आत ओतकामाचे खडे असतात, तेही खरवडून काढा. सगळ्या दिव्यात सर्वात कंटाळवाणं काम हे आणि सर्वात महत्त्वाचंही हेच. रंग एक हात कमी दिला तरी चालेल.

सांध्यांना टेफ्लॉन टेप लावू नका, सफेदा आणि सूतही नको. इथे पाणी अडवायचं नाही, धातूला धातू भिडवायचाय. टेपवरून आटे आवळले तरी बहुतेक वेळा कुठेतरी संपर्क होतोच, पण अर्थिंगच्या बाबतीत ‘बहुतेक’ पुरत नाही. कोरडेच आवळा. पाइप पान्याचे दात फिटिंगवर उमटतात, त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पाना लावा.

आपले आटे निमुळते असतात, त्यामुळे एल्बो आवळत गेलात की तो जिथे घट्ट होतो तिथे तुम्हाला हवी असलेली दिशा असेलच असं नाही. पाव फेरा सैल ठेवायचा मोह होतो. ठेवू नका, तोच सांधा पुढे रोज थोडा थोडा फिरतो आणि आतली वायर पिळत जाते. चेक नट (सांध्याला टेकवून आवळायचा पातळ नट) घालून सांधा बांधा, किंवा एल्बोत ३.३ मिमी भोक पाडून, ४ मिमीचा टॅप मारून ग्रब (बिनडोक्याचा) स्क्रू बसवा. युनियन (मधल्या मोठ्या नटने आवळायचा जोड) वापरला तर दिशा हवी तशी मिळते आणि तो दिसतोही भारदस्त. हात मुद्दाम फिरता ठेवायचा असेल तर त्याला थांबा हवा, अर्ध्या फेऱ्याच्या पलीकडे जाता कामा नये.

कलंडण्याचा हिशेब सोपा आहे. तुमच्या मापांवरून बैठक साधारण १२ सेंमी चौरस प्लायची आहे, खांब मधोमध आणि हात २० सेंमी पुढे. होल्डर, एल्बो आणि बल्ब मिळून टोकाला ३०० ग्रॅम धरू, आडव्या पाइपचे २५०. बैठकीच्या पुढच्या कडेपासून मोजलं तर टोक १४ सेंमी पुढे येतं, आडव्या पाइपचा मध्य ४ सेंमी. पुढे ओढणारा जोर झाला ५.२ किलो-सेंमी. मागे धरणारं काय आहे? खांब आणि प्लाय मिळून फार तर एक किलोच्या वर थोडं, तेही कडेपासून ६ सेंमीवर, म्हणजे ६.६. काठावर पास. वायरला जरा ओढ बसली की दिवा आडवा.

बैठक नुसती जड करून हे सुटतं, पण त्याहून शहाणपणाचं म्हणजे खांब मागे सरकवा. २० सेंमी चौरस आणि ४ सेंमी जाड सागवानाचा तुकडा घ्या, जुन्या चौकटीचा मिळाला तर उत्तम. त्याचं वजन किलोभर भरतं. खांब मागच्या कडेपासून ५ सेंमीवर बसवा. आता तोच हात पुढच्या कडेच्या फक्त ५ सेंमी बाहेर जातो, आणि पुढे ओढणारा जोर दीड किलो-सेंमीवर येतो. मागे खेचणारा सहज १५ च्या वर. दिवा हाताने ढकलून बघा, फरक कळेल.

व्हिडिओत दिसते ती पातळ, चार स्क्रूंची नाजूक फ्लँज (खांब बैठकीला धरणारी चकती) आपल्या प्लंबिंगच्या दुकानात सहसा नसते. ऑनलाइन शोभेची म्हणून मिळते. दुकानात मिळते ती पाइपलाइनची जाड आटेवाली फ्लँज. मला तीच आवडते, कारण तिचं वजन आपल्या कामाला येतं. पण तिची भोकं १४ मिमीच्या आसपास असतात, त्यात लाकडाचे स्क्रू डुगडुगतात. १२ मिमीचे बोल्ट लाकडातून आरपार घ्या आणि खालून नट लाकडात बुडवा. हे बोल्टच दिव्याला कारखान्याचा चेहरा देतात, उगाच चिकटवलेली गेजं आणि चाकं देत नाहीत.

फ्लँज आणि तिच्यावरची टी पाऊण इंची ठेवा, त्यावर पाऊण बाय अर्धा बुश घालून खांब अर्ध्या इंचाचा. टीच्या आडव्या तोंडाला पाऊण इंची कॅप, आणि कॅपच्या मधोमध ६ मिमी भोकात लहान टॉगल स्विच. अर्ध्या इंचात तो कसाबसा जातो, सोल्डरचे टाके घालायला बोटं शिरत नाहीत. स्विचवर २५० व्होल्ट एसी लिहिलंय ना ते वाचा. पुष्कळ लहान टॉगल १२५ व्होल्टचेच असतात. स्विचमधून फक्त फेज तोडायची. टाक्यांवर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. एवढा उपद्व्याप नको असेल तर वायरीवर बेड स्विच लावा, मात्र त्यातून अर्थची तार न तोडता पुढे गेली पाहिजे.

वायर लाकडाच्या मागच्या कडेतून आत घ्या, खालच्या बाजूला कोरलेल्या खाचेत सॅडलने (वायर दाबून धरणाऱ्या पट्टीने) पक्की आवळा आणि मग फ्लँजच्या भोकातून वर. ओढ सॅडलवर यायला हवी, होल्डरच्या स्क्रूवर नव्हे. नुसती गाठ मारणं हा उपाय नाही. अर्थचा स्क्रू फ्लँजच्या खालच्या अंगाला: भोक, टॅप, भोवतीचा रंग आणि जस्त खरवडून चकचकीत लोखंड, मग थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायची कडी), स्टार वॉशर आणि ४ मिमीचा पितळी स्क्रू. होल्डर पितळेचा असेल तर इथूनच दुसरी अर्थची तार वर न्या. आणि वायर आधी घालून मग पाइप आवळू नका, ती पिळते. सांगाडा पूर्ण जोडून झाला की बारीक तारेने ओढून घ्या, एल्बोपाशी अडली तर टाल्कम पावडर लावा. दोनाहून जास्त एल्बो असतील तर एक टप्पा आधी ओढून मग पुढचा जोडा.

रंगाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथेच पुढचा फोन येतो. जीआयवर साधा ऑइल पेंट टिकत नाही. अल्किड रंग आणि जस्त यांची आपसात रासायनिक क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर बनतो आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. खाली रेड ऑक्साइड मारूनही. आधी रॉकेलने तेल पुसा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, वाळवा, मग जस्तासाठीचा वॉश प्रायमर आणि त्यावर मॅट काळा. किंवा रंगच देऊ नका. जस्ताचा तो करडा, ढगाळ पृष्ठभाग पिवळ्या उजेडात मला काळ्यापेक्षा बरा दिसतो. अॅसिडने जस्त उतरवून खालचं लोखंड दाखवायची फॅशन आहे. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर एका पावसाळ्यात त्याला गंज चढतो, मग रोज कितीही पुसत बसा. आणि जीआयला वेल्डिंग किंवा गॅसची आंच तर मुळीच देऊ नका. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, वेल्डरांना हा अनुभव नवा नाही.

जोडून झालं की बल्ब काढा, प्लग बाहेरच ठेवा आणि मल्टिमीटर घ्या. टॉपच्या अर्थ पिनपासून फ्लँज, खांब, प्रत्येक एल्बो, होल्डरची कॅप, स्विचची दांडी, सगळीकडे बीप आली पाहिजे. रंग दिलेला असेल तर एखाद्या खाचेत लोखंड गाठून बघा. मग स्विच चालू ठेवून फेज पिन आणि पाइप, न्यूट्रल पिन आणि पाइप: इथे बीप येता कामा नये. एवढ्यावर थांबू नका, कारण मल्टिमीटर अगदी कमी व्होल्टवर बघतो आणि अर्धवट सोललेली वायर त्याला दिसत नाही. इलेक्ट्रिशियनकडे मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर ५०० व्होल्टवर बघून घ्या, आकडा मेगाओहममध्ये यायला हवा. मेगर नसेल तर त्याच्याकडे सिरीज बोर्ड (मध्ये बल्ब घालून वीज देणारा तपासणीचा बोर्ड) नक्की असतो. फेज पिन आणि पाइप यांच्यामध्ये लावला तर सिरीजचा बल्ब अजिबात पेटू नये, अर्थ पिन आणि पाइपमध्ये लावला तर पूर्ण उजेडाने पेटावा. ही चाचणी घरी स्वतः करू नका, त्या वेळी पाइपमध्ये खरोखर वीज असते.

बल्ब ४ वॅटचा एलईडी फिलामेंट, २७०० केल्विन, म्हणजे पिवळसर उजेडाचा. टेबलाजवळ वाचायला पुरतो आणि पाइप गार राहतो. जुन्या पद्धतीचा ४० किंवा ६० वॅटचा तारेचा बल्ब लावाल तर कॅप तापते, आणि साधं पीव्हीसी इन्सुलेशन ७० अंशांपर्यंतचंच असतं. डिमर लावायचा विचार असेल तर बल्बच्या खोक्यावर ‘डिमेबल’ आहे का ते आधी बघा. पंख्याचा रेग्युलेटर त्याच्या जागी चालत नाही, दिवा लुकलुकतो आणि बल्बमधला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) लवकर मरतो.